सीपॅप लावलं की नाक चोंदतं

प्रश्न : मी ६१ वर्षांची निवृत्त शिक्षिका. आम्ही निफाड तालुक्यात मळ्यात राहतो. घोरणं आणि दिवसभराची पेंग म्हणून नाशिकला झोपेची तपासणी केली, तेव्हा तासाला ३४ वेळा श्वास अडतो असं निघालं. नोव्हेंबरपासून सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, लावते. मास्क फक्त नाकावरचा आहे. पहिले आठ-दहा दिवस छान गेले. मग थंडी वाढली तसं नळीत पाणी साचून गुडगुड वाजायला लागलं, दोनदा तर पाणी थेट नाकात आलं. घाबरून ह्युमिडिफायर, म्हणजे टाकीतलं पाणी तापवून हवा ओली करणारा मशीनचा भाग, बंद केला. तेव्हापासून रात्री दोन-अडीचला नाक गच्च होतं, तोंडाला कोरड पडते आणि मी मास्क काढून ठेवते. झोपताना नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे ड्रॉप्स घालते. त्याला पाच आठवडे झाले, आता पहाटेही घालावे लागतात. जाऊबाई म्हणतात, टाकीत निलगिरीचे दोन थेंब टाक. मशीनवाले म्हणतात, नाक-तोंड झाकणारा मोठा मास्क घ्या. भाऊ म्हणतो, नाकाचं हाड वाढलं असेल, ऑपरेशन करून मोकळी हो. रात्री मी वरची कवळी काढून ठेवते. बीपीची गोळी चालू आहे. काय करू?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ म्हणजे ‘पहिले आठ-दहा दिवस छान गेले’. नाक तेच, हाड तेच, मास्क तोच, मशीनचा दाबही तोच. हाडामुळे अडत असतं तर पहिल्याच रात्री अडलं असतं. त्यानंतर बदललं ते एवढंच : थंडी आली, ह्युमिडिफायर बंद झाला आणि ड्रॉप्स सुरू झाले. म्हणून आज नवा मास्क घेऊ नका आणि ऑपरेशनचा विचारही करू नका. आधी हवा पुन्हा उबदार आणि ओली करा, मग ड्रॉप्स सोडवा. मास्कचं नंतर बघू. निलगिरी मात्र टाकूच नका, त्याचं कारण पुढे येईलच.

नाक कशामुळे बंद होतं ते एकदा नीट समजलं की पुढच्या सगळ्या खटपटीला अर्थ येतो. निफाडला जानेवारीतल्या रात्री खोलीत १४ अंश तापमान असेल, तर एक घनमीटर हवेत फार तर १२ ग्रॅम पाणी मावतं. फुप्फुसात पोहोचेपर्यंत तीच हवा ३७ अंशांची होते आणि तिच्यात ४४ ग्रॅम पाणी लागतं. हा फरक भरून काढायचं काम नाकाचं. एरवी नाक ते बिनबोभाट करतं, कारण आत जाताना दिलेला ओलावा श्वास बाहेर सोडताना त्याला बराचसा परत मिळतो. सीपॅपवर झोपेत तोंड उघडलं की ही परतफेड बंद पडते. हवा नाकातून आत शिरते आणि तोंडातून निसटते. नाक नुसतं देत राहतं. आतलं अस्तर सुकतं, गार पडतं आणि स्वतःला ऊब मिळावी म्हणून तिथल्या रक्तवाहिन्या फुगतात. नाक गच्च होतं ते या सुजेने. शेंबूड नसतोच, म्हणून कितीही शिंकरलं तरी काही निघत नाही.

नाक बंद झालं की तोंड आणखी उघडतं. गळती वाढली की दाब टिकवायला मशीन आणखी हवा सोडतं आणि ती सगळी कोरडी हवा नाकावरूनच जाते. सकाळी तोंड वाळलेलं असणं ही या गळतीची खूण. कवळी काढल्यावर वरच्या ओठाचा आधार जातो, त्यामुळे तोंड उघडं राहायला मदतच होते. पण म्हणून रात्रभर कवळी घालून झोपू नका. त्याने हिरड्यांना सूज येते, बुरशीही धरते. काही अडचणीत दंतवैद्य रात्री घालायची परवानगी देतात, ती त्यांनाच विचारा.

आता नळीतलं पाणी. टाकीतून कोमट, ओली हवा निघते आणि १४ अंशांच्या खोलीत पडलेल्या सहा फुटी नळीतून जाताना गार होते. गार हवेत तेवढं पाणी मावत नाही, म्हणून ते नळीच्या भिंतीवर थेंबाथेंबाने सुटतं, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसं. म्हणजे ह्युमिडिफायर बिघडलेला नव्हता, नळी गार होती. इलाज नळीवर करायचा होता आणि तुम्ही पाणीच तोडलंत. ही चूक फार जणांकडून होते, मनाला लावून घेऊ नका.

नळी उबदार ठेवायचे मार्ग सोपे आहेत. पहिला म्हणजे मशीन गादीच्या पातळीच्या खाली ठेवा. पलंगाशेजारी बुटकं स्टूल असेल तर उत्तम, म्हणजे सुटलेलं पाणी चेहऱ्याकडे न येता परत टाकीकडे उतरतं. मशीन अगदी जमिनीवर नको, तिथे धूळ जास्त असते. दुसरं, नळीला कापडी खोळ चढवा. विकतची मिळते. नाहीतर जुन्या स्वेटरच्या बाह्या किंवा फ्लॅनेलचा तुकडा लांबट शिवून घेतला तरी तेच काम होतं. नळीचा जास्तीत जास्त भाग गोधडीच्या आत घ्या, चेहऱ्याजवळचा हातभर तेवढा बाहेर राहू द्या. मशीनच्या मागची हवा ओढायची जाळी मात्र कशानेही झाकू नका. तिसरा मार्ग गरम होणाऱ्या नळीचा, तिच्यात बारीक तार असते. ती प्रत्येक मशीनला बसत नाही, म्हणून मॉडेल नंबर सांगून विक्रेत्याला आधी विचारा. बसत असेल तर तुमच्यासारख्या थंड गावात तिच्यावर केलेला खर्च मोठ्या मास्कपेक्षा कितीतरी सार्थकी लागेल. तापमान २७ अंशांपासून सुरू करा.

खोली उबदार करा, पण बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा घमेल्यात निखारे ठेवून कधीच झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच दगावतो, आणि तुमचं मशीन तीच हवा ओढून नाकात देणार. विजेचा, तेल भरलेला हीटर झोपण्याआधी तासभर लावला आणि खिडकीच्या फटी बुजवल्या तरी चार-पाच अंशांचा फरक पडतो.

एवढं झालं की ह्युमिडिफायर सुरू करा. बऱ्याच मशीनवर ओलाव्याचे आकडे १ ते ८ असतात, काहींवर ० ते ५. मधल्या आकड्यावर सुरुवात करा, दोन रात्री तसंच राहू द्या आणि नाक-तोंड कोरडंच असेल तर एकाने वाढवा. गुडगुड सुरू झाली तर एकाने उतरवा किंवा नळीची ऊब वाढवा. बंद करू नका. सकाळी टाकीकडे नजर टाका. पाणी जवळजवळ होतं तेवढंच उरलं असेल तर ओलावा कमी पडतोय. टाकी पहाटेच रिकामी होत असेल तर आधी मास्कची आणि तोंडाची गळती बघा, कारण हवा निसटते तेव्हा पाणीही तिच्याबरोबरच निसटतं.

टाकीत डिस्टिल्ड वॉटर घाला, खुणेच्या रेषेपर्यंत, त्यावर नको. बोअरचं पाणी उकळलं तरी त्यातला सगळा क्षार जात नाही, आणि टाकीच्या तळाला पांढरा थर बसला की पाणी नीट तापत नाही. एखाद्या रात्री डिस्टिल्ड संपलंच तर आरओचं उकळून गार केलेलं चालेल, पण ती सवय लावू नका. उरलेलं पाणी रोज सकाळी ओता, टाकी साध्या सौम्य साबणाने धुऊन उलटी वाळत ठेवा. आठवड्यातून एकदा १ भाग व्हिनेगर आणि १० भाग पाणी घालून दहा मिनिटं ठेवा आणि खळखळून धुवा. डेटॉल, ब्लीच, सुगंधी लिक्विड काही नको. त्याचा वास प्लास्टिकमध्ये मुरतो आणि रात्रभर तुमच्या नाकात जातो, नाक चोंदायला तेवढं पुरतं. पाणी भरलेल्या टाकीसकट मशीन हलवूही नका, पाणी मोटरमध्ये शिरतं.

आता निलगिरी. जाऊबाईंचा हेतू चांगला आहे, पण भांड्यातली वाफ चार मिनिटं घेणं वेगळं आणि तेलाची वाफ दाबाखाली आठ तास फुप्फुसात ढकलणं वेगळं. तेलाने श्वासनलिका चुरचुरते, टाकीचं प्लास्टिक तडकतं आणि वास कायमचा बसतो. कापूर, विक्स, ओव्याचा अर्क यांनाही हेच लागू. नाकाखाली बाम किंवा व्हॅसलीन चोळून मास्क लावू नका, त्याने मास्कची गादी खराब होते. आत कोरडं वाटलं तर केमिस्टकडे पाण्यात बनवलेली नाकाची सलाइन जेल मिळते, ती लावा. आणि झोपताना नाकात तूप किंवा तेल सोडायची सवय असेल तर मशीन चालू आहे तोवर ती बंद ठेवा. आडवं पडल्यावर तेल घशामागून खाली उतरतं आणि फुप्फुसात साठत गेलं तर न्यूमोनियासारखा त्रास होतो. वैद्यांनी नस्य सांगितलं असेल तर त्यांना सीपॅपबद्दल सांगून वेळ आणि गरज पुन्हा विचारून घ्या.

सगळ्यात अवघड काम ड्रॉप्स सोडवायचं. झायलोमेटाझोलिन काय किंवा ऑक्सिमेटाझोलिन काय, रक्तवाहिन्या आवळून नाक काही मिनिटांत मोकळं करतं. सलग तीन ते पाच दिवसांपलीकडे घातलं की औषध उतरताच रक्तवाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात. आधी रात्रीचे ड्रॉप्स, आता पहाटेचेही, हे त्याचंच लक्षण आहे. तुमच्या अडीचच्या चोंदण्यात किमान अर्धा वाटा या ड्रॉप्सचा असावा असं आम्हाला वाटतं. शिवाय तुम्हाला बीपी आहे, आणि ही औषधं बीपी वाढवू शकतात. फेनिलएफ्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्यांचंही तसंच, त्या मनाने घेऊ नका.

सोडवायची रीत अशी. कान-नाक-घसा डॉक्टरांना पाच आठवड्यांचा हिशोब स्पष्ट सांगा. ते बहुधा मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोनसारखा स्टिरॉइडचा स्प्रे देतील. स्टिरॉइड म्हटलं की लोक बिचकतात, पण या स्प्रेचं औषध रक्तात अगदी थोडं उतरतं. तो ड्रॉप्ससारखा लगेच काम करत नाही, पूर्ण परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे जातात, म्हणून दोन दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून टाकू नका. स्प्रे सुरू झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी एकाच नाकपुडीत ड्रॉप्स बंद करायचे आणि ती मोकळी झाली की दुसरीत. पहिले तीन ते सात दिवस वाईट जातात, हे आधीच धरून चला. त्यातून बाहेर आलात की बहुतेकांचं नाक एक-दोन आठवड्यांत ताळ्यावर येतं.

स्प्रे मारण्यातही चूक होते. मान मागे टाकायची नाही, किंचित पुढे झुकवायची. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डाव्यासाठी उजवा, आणि नळीचं तोंड त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने. नाकाच्या मधल्या पडद्यावर फवारा बसला की तिथे सुकून रक्त येतं. हळूच ओढायचं. घशात कडू लागलं तर जोरात ओढलंत असं समजा.

या दिवसांत जलनेतीचा, म्हणजे मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुण्याचा, चांगला आधार होतो. अर्धा लिटर पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक चमचा, सपाटीपेक्षा किंचित कमी. आयोडीन नसलेलं बारीक मीठ घ्या आणि चुरचुरलं तर चिमूटभर खायचा सोडा टाका. पाणी मात्र खळखळ उकळून किमान एक मिनिट तसंच ठेवलेलं आणि मग कोमट केलेलं हवं. नळाचं, विहिरीचं, आरओचं कच्चं पाणी नाकात घालू नका. नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूत जातो. त्याचा संसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर बहुधा जीवच घेतो. तेच पाणी प्यायल्याने तो होत नाही, म्हणून ‘आम्ही तर हेच पितो’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. नेती झोपण्याच्या तासभर आधी करा. नंतर वाकून, मान दोन्ही बाजूंना वळवून सगळं पाणी उतरू द्या आणि अर्ध्या तासाने स्प्रे मारा. नेती करून लगेच मास्क लावला तर उरलेलं पाणी दाबाने कानाकडे ढकललं जातं. कान दुखत असेल तर नेती नकोच.

मशीन खोलीतलीच हवा ओढतं, हे लक्षात ठेवा. द्राक्षाच्या मळ्यात राहता, म्हणजे भुरी या बुरशीच्या रोगासाठी गंधकाची धुरळणी आणि फवारण्या आसपास होतच असणार. त्या दिवशी मळ्याकडची खिडकी दुपारपासूनच बंद ठेवा. झोपायच्या खोलीत उदबत्ती, धूप, मच्छर अगरबत्ती लावू नका, मच्छरदाणी वापरा. फिल्टर दर आठवड्याला काढून बघा, पांढऱ्याचा करडा झाला की बदला. तुमच्याकडच्या धुळीत तो महिनाभरच टिकेल. कापडासारखा दिसणारा फिल्टर धुवायचा नसतो, काळा स्पंजचा धुता येतो, पण पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका. उशीचे अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुतलेत आणि गोधडी कडक उन्हात टाकलीत तर धुळीतले किडेही कमी होतात.

रात्री अडीचला जाग आली तर मास्क काढून झोपून जाऊ नका. झोपेच्या दुसऱ्या भागात स्वप्नांची झोप जास्त असते आणि बऱ्याच जणांचा श्वास तेव्हाच जास्त अडतो. तुमचे नेमके तेच तास मशीनविना जात आहेत. उठून बसा, दहा मिनिटं खोलीत फिरा, उभं राहिल्यावर नाकाची सूज आपोआप उतरते. साध्या सलाइनचा फवारा मारा आणि नाक सुटलं की मास्क लावून, उशाखाली आणखी एक उशी घेऊन झोपा. कुशीवर झोपल्यावर खालची नाकपुडी बंद होणं आणि काही तासांनी बाजू बदलणं हे निरोगी नाकातही होतं, त्याची काळजी करू नका. मशीनला सुरुवातीला दाब हळूहळू वाढवायची सोय असते, ती दुसऱ्यांदा मास्क लावतानाही वापरा.

मोठ्या मास्कबद्दल आमचं मत सांगतो. तो वाईट नाही, पण तुमच्यासाठी आत्ता नको. त्यात तोंडाने श्वास घेतला की घसा सुकतो, कवळी नसलेल्या चेहऱ्यावर तो नीट बसत नाही, गळती वाढते आणि अनेकांना दाबही जास्त लागतो. कडक पडशाच्या चार रात्रींसाठी राखीव म्हणून तो उपयोगी आहे. हनुवटीचा पट्टाही नाक मोकळं झाल्यावरच आजमावा. नाक बंद असताना पट्टा बांधणं किंवा तोंडाला टेप लावणं धोक्याचं आहे.

हे सगळं नीट तीन आठवडे करूनही नाक सुटलं नाही, तर मात्र दुर्बिणीने नाक तपासून घ्या. हाड वाकडं असणं, आतले मांसल पडदे वाढणं किंवा कोंब असणं यातलं काही निघालं आणि ऑपरेशन ठरलं, तरी ते मशीन सुसह्य व्हावं म्हणून. घोरण्याचा आणि झोपेत श्वास अडण्याचा आजार त्याने सहसा जात नाही, हे भावाला सांगून ठेवा. डॉक्टरांना बीपीच्या गोळीचं नावही दाखवा. प्राझोसिनसारख्या काही गोळ्यांनी नाक चोंदतं, ती बदलता येते. स्वतःहून बंद करू नका.

एकाच बाजूने कायम बंद राहणं, वारंवार रक्त, घाण वासाचा स्राव, तापासह गाल-कपाळ दुखणं, कानात कळ यातलं काही झालं तर थांबू नका, डॉक्टर गाठा. डोळ्याभोवती सूज आली किंवा डोक्याला मार लागल्यानंतर एकाच नाकपुडीतून स्वच्छ पाणी ठिबकू लागलं, तर मशीन बंद करून त्याच दिवशी दवाखान्यात जा.

आज रात्रीपासून एक वही उशाशी ठेवा. रोज सकाळी पाच गोष्टी लिहा : ओलाव्याचा आकडा, मशीन किती तास चाललं, पडद्यावर दिसणारी गळती, टाकीत उरलेलं पाणी, आणि ड्रॉप्स कोणत्या नाकपुडीत किती वेळा घातले. चौदा रात्रींची ही नोंद आणि मशीनमधलं नोंदी साठवणारं कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा. त्यावरून त्यांना दाब बदलायचा का, ते लगेच ठरवता येईल.